गाभा

शिरोलीच्या एमआयडीसीत, कँटीनच्या भिंतीवर
नवं काहीतरी लिहायचं ठरलं.
मालकांच्या मुलानं पुण्याहून एक माणूस आणला.
त्यानं आम्हा सुपरवायझरांना रंगीत खडू वाटले
आणि विचारलं, तुम्ही रोज सकाळी का उठता?
भट्टीवरचा दस्तगीर मुलाणी म्हणाला,
सातला भोंगा होतो, म्हणून.
सगळे हसले. तो माणूसही हसला
आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं.

माझ्याकडे कोअर शॉप.
अकरा बायका, दोन ओव्हन आणि वाळू,
तेलात कालवलेली,
भाजताना करपल्या चकलीचा वास येणारी.

पद्मल मगदूम तिथं एकोणीस वर्षं आहे.
पेटीत वाळू दाबायची, मध्ये तार ठेवायची, ठोकायचं,
मग श्वास धरून पेटी उघडायची,
निजलेल्या पोराच्या मानेखालून
आपला हात काढून घ्यावा तशी.
बाहेर येतो पाण्याच्या वाटेचा आकार,
शंखासारखा वळत गेलेला.

मी विचारलं, पद्मलक्का, आपल्या कामाचा अर्थ काय?
ती म्हणाली, बरं न्हाई व्हय तुमास्नी?

मग जरा वेळानं, पेटी पुसता पुसता,
"एकोणीस वर्सं झाली सायेब,
मी केल्यालं मला परत दिसलंच न्हाई कधी.
तुमी भवतीनं लोखंड वतता
आन् माझं फोडून टाकता."

खरंच होतं.
लोखंड निवतं, नॉकआऊटला हातोडा पडतो,
तिची वाळू काळी, भुसभुशीत होऊन ढिगात जाते.
गुरुवारी डंपर येतो.
तिचं त्या पंपात काहीच उरत नाही,
पाणी फिरायची पोकळी तेवढी उरते.

तक्ता कोरा घेऊन मी दोन दिवस हिंडलो.
तिसऱ्या दिवशी रिजेक्शनच्या ढिगातून
एक केसिंग उचललं, करवतीवर उभं चिरून घेतलं
आणि जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलावर ठेवलं.

तिनं हातमोजा काढला.
बोट आत घातलं, वळणावळणानं नेलं.
एका जागी थांबली.
"हितं मी अंगठ्यानं लेप लावतो," म्हणाली,
"ह्यो माझा अंगठा."
लोखंडात, नखाएवढा, रेघांसकट.

बाकीच्या बायका डबे सोडून आल्या.
ताहेरा म्हणाली, माझा बी चिरा की एक.
पद्मलचं बोट तोवर आणखी पुढं गेलं होतं,
जिथं कड खचली होती, जिच्यापायी माल परत आला होता.
तारीख तिनं स्वतःच वाचली.
"पोरीला ताप हुता. मी घाईत होतो त्या दिवशी."
कुणी काही बोललं नाही.
ओव्हनचा पंखा तेवढा चालू होता.

मग तिनं मोजा चढवला आणि म्हणाली,
अर्थाचं ऱ्हाऊ द्या, सायेब,
हे टेबल ईतभर उचलून द्या. पाठ जाती.

मी तक्त्यावर तेवढंच लिहिलं. टेबल, सहा इंच, वर.
पुण्याचा माणूस म्हणाला, हे ध्येय होत नाही.
भिंतीवर आता निळ्या अक्षरांत वेगळंच काही आहे,
पुसायला सोपा असा ऑइलपेंट.
टेबलांना मात्र वेल्डरनं पाय जोडले,
सात टेबलांना. चार अजून बाकी आहेत.
आणि ते अर्धं केसिंग खिडकीत असतं,
आत टिकल्यांचं पाकीट, एक कंगवा,
कुणाचं तरी बसचं तिकीट.

ऑगस्टात पंचगंगा चढली, उतरली.
शाहूपुरीत एका दुकानाच्या तळघरातून
पंप लावून पाणी काढत होते.
पद्मल तिथं उभी. तिची बस येऊन गेलेली.
मी गाडी थांबवली. विचारलं, आपला आहे का?

"आवाजावरनं कळंना," ती म्हणाली,
मान तशीच कलती ठेवून,
"पर आत पाणी कुटं अडखळंना झालंय."